कमरेला लायसन्सचं पिस्तूल आणि मागे पोलिसाचे दिवे, अशा वेळी तुम्ही काय करता?

ब्लूबॉनेट_राव
मंडळी नमस्कार, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चूकभूल द्यावी घ्यावी. मी टेक्सासमधे ऑस्टिनजवळ राहतो, आता सिटिझन आहे, नोकरी आयटीचीच पण एका मित्राच्या कन्व्हीनियन्स स्टोअरमधे भागीदारी आहे आणि आठवड्यातून दोनदा रात्रीची कॅश मी नेतो, म्हणून २०१९ मधे एलटीसी काढलं. लायसन्स टू कॅरी, म्हणजे पिस्तूल जवळ बाळगायचा परवाना. ४० डॉलर फी, एक दिवसाचा क्लास आणि ५० गोळ्यांची टेस्ट, ३, ७ आणि १५ यार्डांवरून. क्लासमधे पोलिसांनी थांबवलं तर काय करायचं यावर मास्तर जेमतेम दहा मिनिटं बोलला असेल, ती दहा मिनिटं परवा कामाला आली.

तर झालं असं की परवा ह्यूस्टनहून २९० नंबरच्या हायवेने परत येत होतो, रात्रीचे साडेदहा, ब्रेनम मागे टाकलेलं, शेजारी बायको आणि मागे पोरगी झोपलेली. लिमिटपेक्षा दहा-बारा मैल जास्त असणार, लाल-निळे दिवे मागे लागले. शोल्डरला घेतली गाडी, इंजिन बंद, आतला दिवा लावला, चारी काचा खाली, हात स्टिअरिंगवर. पोलीस माझ्या बाजूने न येता बायकोच्या खिडकीशी आला (हायवेवर असेच येतात, ट्रॅफिक अंगावर नको म्हणून), ती दचकलीच. लायसन्स आणि इन्शुरन्स द्या म्हणाला.

आता गंमत बघा. माझं पाकीट पँटच्या उजव्या मागच्या खिशात आणि होल्स्टरही उजव्याच कमरेला, शर्टाच्या आत. म्हणजे पाकिटाकडे नेलेला हात बघणाऱ्याला पिस्तुलाकडे चाललेलाच दिसणार. मी हात न हलवता म्हणालो, सर, माझ्याकडे एलटीसी आहे आणि आत्ता मी कॅरी करतोय, उजव्या कमरेला आहे, पाकीट त्याच्याच मागे आहे, कसं करू तुम्ही सांगा. तो म्हणाला ठीक आहे, तुम्ही तुमच्याला हात लावू नका, मी माझ्याला लावत नाही. मग डाव्या हाताने, सीटवरून थोडं पुढे सरकून, सावकाश पाकीट काढलं, दोन्ही कार्डं दिली. वॉर्निंगवर सोडलं. सगळं मिळून सहा-सात मिनिटं. पण घरी येऊन दोन तास झोप नाही.

तुमच्याकडे काय नियम आहेत, आपणहून सांगता का विचारलं तरच, आणि आपल्या लोकांचे अनुभव कसे आहेत ते ऐकायचंय.

मिशिगनी_मामा
मस्त धागा. ते तुम्ही तुमच्याला मी माझ्याला वाक्य इथेही ऐकलंय मी, अकॅडमीत शिकवत असावेत :)
आमच्या मिशिगनमधे चर्चाच नाही, कन्सील्ड, म्हणजे कपड्याआड बाळगायचा, परवाना असेल आणि हत्यार जवळ असेल तर पोलिसाने थांबवल्यावर लगेच, त्याने विचारायची वाट न बघता सांगायचं. विसरलात तर पहिल्या वेळी ५०० डॉलर आणि परवाना सहा महिने सस्पेंड. नॉर्थ कॅरोलायनातही आपणहून सांगावं लागतं, माझा मेहुणा आहे तिकडे कॅरीला. (गावाचं नाव खरंच कॅरी आहे, त्यावरचे सगळे विनोद आमच्या घरात करून झालेत.)

पर्वती_ते_क्लीव्हलंड
ओहायोत पूर्वी असंच होतं, ताबडतोब सांगा. १३ जून २०२२ पासून कायदा बदलला, परवान्याशिवायही कॅरी करता येतं आणि पोलिसाने विचारलं तरच सांगायचं, पण विचारल्यावर खोटं बोलायचं नाही. जुन्या कायद्यात ताबडतोब म्हणजे नक्की कधी हाच घोळ होता. २०११ मधे कँटनच्या एका पोलिसाचा डॅशकॅम व्हिडिओ खूप गाजला, त्यात ड्रायव्हर सांगायला बघतोय, परवाना हातात धरून बसलाय आणि पोलीस त्याला बोलूच देत नाहीत, आणि मग सांगितलं का नाहीस म्हणून एक जण त्याला ठार मारायच्या गोष्टी करतोय. तो पोलीस पुढे नोकरीवरून गेला. तेव्हापासून मी पहिल्या वाक्यातच सांगून टाकतो, कायदा काही म्हणो.

माझा अनुभव: एकदा एका टेललाइटवरून थांबवलं, सांगितल्यावर त्याने मला खाली उतरवलं, पिस्तूल स्वतः काढून घेतलं, मॅगझिन वेगळं, चेंबरमधली गोळी वेगळी. जाताना सगळं डिकीत ठेवलं आणि म्हणाला मी नजरेआड होईपर्यंत डिकी उघडू नका. अपमान वाटला का? वाटला थोडा. पण त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

पिंपळपान
मला एक कळत नाही, चांगले शिकले सवरलेले लोक तुम्ही, हे कमरेला बांधून फिरायची वेळ का यावी? कॅश न्यायला आर्मर्ड गाडीवाले मिळतात. रात्री झोप लागली नाही म्हणता, मग नका ना बाळगू, प्रश्नच मिटला.

ब्लूबॉनेट_राव
पिंपळपान, तुमचा मुद्दा मान्य, घरातही ऐकतो रोज. एका छोट्या दुकानाच्या कॅशला आर्मर्ड गाडी परवडत नाही एवढंच सांगतो. त्यावर वेगळा धागा काढा, मी येईन भांडायला.

नवखा_डॅलस
माझा जरा बावळट प्रश्न. मी एच-१बी वर आहे, दीड वर्षं झालं डॅलसला येऊन. ऑफिसमधले लोक म्हणतात टेक्सासमधे १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याची गरजच नाही, एकवीसच्या वर असलं की कोणीही बाळगू शकतं. मग मीही घेऊ शकतो ना? अपार्टमेंटमधे दोन चोऱ्या झाल्या म्हणून विचारतोय.

अर्धवट_वकील
नवखा, थांब. अजिबात नको. (मी वकील नाही, आयडीवर जाऊ नका, पण या एका गोष्टीवर मी खऱ्या वकिलाला पैसे देऊन बसलोय.)

टेक्सासने परवाना काढून टाकला तो ज्यांना मुळात बंदूक बाळगायची मुभा आहे त्यांच्यासाठी. ही मुभा फेडरल कायदा ठरवतो आणि त्यात नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला सरळ मनाई आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ सगळे त्यात आले. ग्रीनकार्डवाल्यांना चालतं. शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत केलीय, आणि बंदुकीचा गुन्हा डिपोर्टेशनच्या यादीत वेगळा लिहिलेला आहे, म्हणजे तुरुंग झाला की विमान.

एक पळवाट कायद्यातच आहे, कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर ही मनाई लागत नाही. म्हणून शूटिंग रेंजवर टीमआउटिंगला गेलात की काउंटरवर व्हिसावाल्यांकडे हंटिंग लायसन्स मागतात. भाड्याची बंदूक तासभर हातात धरली तरी ते बाळगणंच. पण डुकराच्या शिकारीचं लायसन्स काढून शहरात कमरेला पिस्तूल लावून फिरायचं आणि पोलिसाला दाखवायचं, असला प्रयोग तुझं ग्रीनकार्ड लायनीत असताना करू नकोस बाबा. चोऱ्या होतायत तर अलार्म लाव, कुलूप बदल.

आणि हे बऱ्याच जोडप्यांना माहीतच नसतं: नवरा सिटिझन, बायको एच-४ वर, बंदूक नवऱ्याची, पण सेफचा कोड दोघांकडे, तर बायकोच्याही ताब्यात आहे असं धरलं जाऊ शकतं. कोड एकाकडेच ठेवा.

नवखा_डॅलस
बाप रे. धन्यवाद काका. ऑफिसातल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

अर्धवट_वकील
काका कोणाला म्हणतोस रे, ४१ चा आहे मी.

एडिसनची_आत्या
आमच्या न्यू जर्सीत उलटं. इथे शेजारच्या राज्याचा परवाना काडीचा उपयोगाचा नाही. २०१३ ची गोष्ट, फिलाडेल्फियाची एक तरुण आई, दोन मुलांची, तिच्याकडे पेनसिल्व्हेनियाचा रीतसर परवाना. पूल ओलांडून जर्सीत आली, लेन नीट बदलली नाही म्हणून थांबवलं, आणि तिने प्रामाणिकपणे आपणहून सांगितलं की माझ्याकडे पिस्तूल आहे आणि हा परवाना. झालं, अटक. किमान साडेतीन वर्षांची शिक्षा डोक्यावर टांगलेली. आरडाओरडा झाल्यावर २०१४ मधे खटला न चालवता तिला तुरुंगाऐवजी देखरेखीच्या कार्यक्रमात घातलं आणि २०१५ मधे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्तींनी माफी दिली तेव्हा कुठे सुटली बिचारी. म्हणून आपणहून सांगणारा सुटतो हे गृहीत धरू नका, आधी तुम्ही कुठल्या राज्यात आहात ते बघा. आमच्याकडे अधिवेशनाला, लग्नाला टेक्सास ओहायोहून गाड्या हाणत येणारे असतात, त्यांनी हे वाचावं.

पर्वती_ते_क्लीव्हलंड
आत्या खरंय. लांब जाताना फेडरल सेफ पॅसेज असतो १९८६ चा, म्हणजे जिथून निघालात आणि जिथे पोचायचंय तिथे दोन्हीकडे कायदेशीर असेल तर मधल्या राज्यातून नेता येतं, पण पिस्तूल रिकामं, कुलपात, डिकीत, ना पिस्तूल ना गोळ्या हाताशी. कमरेला नाही! आणि मधे मुक्काम करत हिंडलात तर तो आधार डळमळतो. मी जर्सीला येताना पिस्तूल घरीच ठेवतो, तेही थंड डोक्याने.

मिनेसोटा_गारठा
कोणीच अजून ते नाव घेतलं नाही म्हणून मी घेतो. फिलँडो कॅस्टिल. ६ जुलै २०१६, फाल्कन हाइट्स, माझ्या तेव्हाच्या घरापासून दहा मिनिटांवर. ३२ वर्षांचा, सेंट पॉलच्या शाळेत किचन सांभाळायचा, परवाना होता. थांबवल्यावर इन्शुरन्सचं कार्ड दिलं, मग अदबीने, सर म्हणून, सांगितलं की माझ्याजवळ हत्यार आहे. इथे कायद्याने विचारलं तरच सांगायचं असतं, त्याने न विचारता सांगितलं. पोलीस म्हणाला मग त्याला हात लावू नकोस, तो म्हणतोय मी लावत नाहीये, शेजारची मैत्रीण म्हणतेय तो लावत नाहीये, आणि सात गोळ्या. बोलणं सुरू झाल्यापासून मिनिटभरात. मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी होती. पोलिसाला पुढच्या वर्षी जूनमधे ज्यूरीने निर्दोष सोडलं.

ब्लूबॉनेट_राव, तुमची गोष्ट वाचताना मला हेच आठवत होतं. तुम्ही सांगितलंत तेच त्याने सांगितलं होतं. फरक काय? एक तर रंग, ते मान्य करूया, उगाच नाकारण्यात अर्थ नाही, तो काळा होता. आणि दुसरं म्हणजे क्रम. लायसन्स मागून झालं होतं, हात त्या कामाला लागलेले असावेत आणि त्यात हत्यार हा शब्द आला. तुमचे हात स्टिअरिंगवर होते आणि तुम्ही आधी विचारलंत कसं करू. बंदूक हा शब्द ऐकला की समोरचा पुढचं काही ऐकत नाही, म्हणून शब्द तोंडातून बाहेर पडताना हात थिजलेले पाहिजेत. मी त्या आठवड्यानंतर पाकीट मागच्या खिशात ठेवणं बंद केलं, लायसन्स आणि इन्शुरन्स डॅशबोर्डवर, डोळ्यासमोर.

मिशिगनी_मामा
+१. आणि परवाना हा शब्द आधी, बंदूक हा शब्द शक्यतो नाहीच. माझ्याकडे परवाना आहे आणि मी कॅरी करतोय एवढं पुरतं. ग्लव्ह बॉक्समधे पिस्तूल आणि गाडीचे कागद एकत्र ठेवणारे महाभाग पाहिलेत मी. कागद काढायला झाकण उघडलं की पोलिसाच्या टॉर्चमधे पहिलं काय दिसणार?

कोथरूडी_कट्टा
खाली उतर म्हणाला तर उतरायचंच का पण? काही हक्क बिक्क असतात ना.

अर्धवट_वकील
उतरायचं. १९७७ ची सुप्रीम कोर्टाची केस आहे, पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स, आणि गंमत म्हणजे ती या धाग्याचीच केस आहे. जुनी नंबरप्लेट म्हणून थांबवलं, उतरायला लावलं, तर जॅकेटखाली फुगवटा दिसला, रिव्हॉल्व्हर निघालं. कोर्ट म्हणालं रीतसर थांबवलेल्या गाडीतून ड्रायव्हरला उतरवणं पोलिसाच्या सुरक्षेसाठी योग्यच. वाद घालायचा तर नंतर कोर्टात, रस्त्याच्या कडेला जिंकलेला वाद कोणी मोजत नाही. गाडी तपासू का म्हणाला तर मात्र शांतपणे, मी संमती देत नाही, एवढंच म्हणायचं. हाताने अडवायचं नाही.
टेक्सासपुरतं सांगायचं तर ओळखपत्र मागितलं आणि एलटीसीवाल्याकडे हत्यार असलं तर दोन्ही कार्डं दाखवावीत असं कायद्यात आहे, पण न दाखवल्याची शिक्षा २००९ मधेच काढून टाकलीय. थांबवलेल्या वेळेपुरतं पिस्तूल ताब्यात घ्यायचा अधिकार पोलिसाला आहे, अटक नसेल तर जायच्या आधी परत द्यायचं. ते त्यालाच काढू द्या, आपल्या हाताने उपसून देऊ नका. तो द्या म्हणाला तरी, सर तुम्हीच काढलंत तर बरं, म्हणा.

दोननळी_सांगली
तुमचं वाचून हसावं का रडावं कळंना. आमच्याकडं बारा बोअर हाय, आज्जाच्या नावावर होती, मग माझ्या, पीकसंरक्षणासाठी. रानडुकरं ऊस लोळवत्यात. आता लायसन पाच वर्षाचं मिळतंय पण रिन्यूला चकरा त्याच. इलेक्शन लागलं की ठाण्यातनं फोन, बंदूक जमा करा, पावती घ्या, निकालानंतर न्या. त्यामुळं इथं पोलिसाला माहीतच असतंय कुणाच्या घरात काय हाय. नाकाबंदीला थांबवलं तर मी खाली उतरतो, नमस्कार साहेब करतो, लायसनचं पुस्तक पुढं करतो, चहाचं बोलणं होतंय. तुमच्याकडं खाली उतरलं तर गोळी घालत्यात म्हणता?

अटलांटाचा_अवी
दादा, गोळी घालतात असं नाही हो, पण तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. आपली सवय. गावाकडे गाडीत बसून राहणं म्हणजे उर्मटपणा, साहेब उभा आणि आपण बसलेले. उतरायचं, कागद हातात घेऊन त्याच्याकडे चालत जायचं, हा आपला आदर. इथे नेमकं तेच धोक्याचं. दार उघडलं की तो हात कमरेला नेतो, चालत गेलात की ओरडतो, आणि आपल्याला कळत नाही की आदर दाखवला तर हा चिडला का. माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा मला थांबवलं तर तेच मागच्या सीटवरून उतरायला निघाले, मी समजावतो त्याला म्हणून! पिस्तूल वगैरे काही नव्हतं तेव्हा. २०१५ मधे अलाबामाच्या मॅडिसनमधे ते गुजराती आजोबा, नातवाला सांभाळायला आलेले, सकाळी फुटपाथवर चालत होते, इंग्रजी येत नव्हतं, पोलिसाने जमिनीवर असे आपटले की अंग अर्धवट लुळं पडलं. निव्वळ चालणाऱ्या म्हाताऱ्याची ही गत, आणि आपण कमरेला लावून बसलोय.

अजून एक, थांबवण्यापेक्षा वाईट वेळ म्हणजे तुम्हीच ९११ लावलाय आणि पोलीस येतायत. दुकानवाल्यांनी हे वाचा. २०२१ च्या जूनमधे कोलोरॅडोत आर्वाडाला एकाने पोलिसाला गोळी घातली, तिथे असलेल्या जॉनी हर्ली नावाच्या माणसाने आपल्या पिस्तुलाने त्या हल्लेखोराला पाडलं, मग त्याची रायफल उचलली, आणि तेवढ्यात आलेल्या पोलिसाने हर्लीलाच मारलं. येणाऱ्याला फक्त बंदूक हातात धरलेला माणूस दिसतो, तो चांगला का वाईट ते कपाळावर लिहिलेलं नसतं. फोनवर सांगा तुम्ही कोण, कपडे कुठले, आणि जमेल तितक्या लवकर ते होल्स्टरमधे घाला.

पिंपळपान
हे सगळं वाचून माझं मत अजूनच पक्कं झालं. असो, माहिती चांगली मिळतेय, भांडत नाही.

पर्वती_ते_क्लीव्हलंड
एक राहिलं. टेक्सास ओहायोत परवाना लागत नसला तरी काढून ठेवा. शाळेपासून हजार फुटांत हत्यार नेण्यावर फेडरल बंदी आहे, त्यातून त्या राज्याच्या परवानाधारकाला सूट मिळते, बिनपरवाना कॅरीवाल्याला ती नाही. शहरात शाळा चुकवून गाडी चालवून दाखवा. आणि पोस्ट ऑफिसमधे परवाना असो नसो, नाहीच.

ब्लूबॉनेट_राव
हे मी लिहीत नाहीये, म्हणजे मी त्याची बायको लिहितेय, लॉगिन त्याचं आहे. तो अंघोळीला गेलाय आणि धागा उघडाच होता म्हणून वाचला. सगळं छान लिहिलंय त्याने, फक्त एक गाळलंय. गाडी थांबल्या थांबल्या याने सीटबेल्ट काढला आणि दाराच्या हँडलला हात घातला होता. वर म्हणाला, थांब, मी बघून येतो काय म्हणतोय. अटलांटाच्या दादांचे बाबा जसे उतरायला निघाले होते ना, अगदी तसाच. एकोणीस वर्षं झाली या देशात, एवढा क्लास केला, ५० गोळ्या झाडून आला. मी दंड धरून ओढला आणि ओरडले, हात स्टिअरिंगवर ठेव, कमरेला काय आहे विसरलास का. मग ते आतला दिवा वगैरे. पोरगीही झोपलेली राहिली नाही, माझ्या ओरडण्यानेच जागी झाली.

मिशिगनी_मामा
वहिनी _/\_

अटलांटाचा_अवी
राव, खरं का हे?

ब्लूबॉनेट_राव
हो. काढला होता.